दीर्घ खंडानंतर परतणाऱ्या परिचारिकेसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परिचारिकांच्या तुटवड्याची चर्चा वारंवार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही सुमारे ५८ लाखांची उणीव होती. या चर्चेत एका गटाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. शिक्षण पूर्ण करून जेमतेम वर्षभर काम केलेल्या, मग मुलांसाठी, आजारी वडीलधाऱ्यांसाठी किंवा अन्य कारणाने थांबलेल्या आणि दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा रुग्णसेवेत येऊ पाहणाऱ्या परिचारिकांचा हा गट. अनेक वर्षे वॉर्डची जबाबदारी सांभाळताना अशा काही जणींना मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

त्यांच्यापुढे पहिली अडचण येते ती 'अलीकडचा अनुभव आवश्यक' या अटीची. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, हे चक्र त्यांना एकट्याने मोडता येत नाही. दुसरी अडचण नेमणूक मिळाल्यानंतर सुरू होते आणि माझ्या मते ती अधिक गंभीर आहे. मनुष्यबळ कमी असल्यामुळे अशा परिचारिकेचे नाव पहिल्याच आठवड्यात ड्युटीच्या तक्त्यात लागते, पूर्ण रुग्णसंख्या तिच्याकडे सोपवली जाते आणि वयाकडे पाहून सगळे तिला अनुभवी समजतात.

दहा वर्षे काम करून थांबलेली परिचारिका आणि एक वर्ष काम करून थांबलेली परिचारिका यांच्या गरजा सारख्या नसतात. अमेरिकी परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिकी ते निष्णात असे परिचर्येतील कौशल्याचे पाच टप्पे मांडले. त्यातले पुढचे टप्पे प्रत्यक्ष रुग्णांसोबत काढलेल्या काळातूनच गाठता येतात. जी दुसऱ्याच टप्प्यावर थांबली, तिला उजळणी पुरत नाही, कारण उजळणी करण्याइतका अनुभव तिच्या गाठीशी जमलेलाच नसतो.

बदललेल्या पद्धती वर्गात शिकवता येतात. उदाहरणार्थ, अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये हृदय बंद पडल्यावर करायच्या पुनरुज्जीवनाचा (सीपीआर) क्रम बदलून श्वासमार्ग मोकळा करण्याआधी छातीवर दाब देण्याला प्राधान्य दिले. त्याआधी शिकलेल्या परिचारिकेला हा क्रम नव्याने अंगवळणी पाडावा लागतो. हे कौशल्य तर नियमित सराव नसेल तर सेवेत असलेल्यांचेही काही महिन्यांतच कमी होते, त्यामुळे ते विसरल्याबद्दल परतणाऱ्या परिचारिकेला कमी लेखण्याचे कारण नाही. इन्फ्युजन पंप (शिरेतून ठरावीक वेगाने औषध देणारे यंत्र) आणि संगणकावरील नोंदी यांचा सरावही थोड्या दिवसांत होतो.

वर्गात शिकवता येत नाही ती नजर. सकाळी मिनिटाला सोळा श्वास घेणारा रुग्ण संध्याकाळी सव्वीस घेऊ लागतो. रक्तदाब ठीक असतो, ऑक्सिजन ठीक असतो आणि रुग्णही 'बरे आहे' म्हणतो. अशा वेळी केवळ आकडा लिहून पुढच्या खाटेकडे न वळता डॉक्टरांना लगेच बोलावणे हा निर्णय शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी सिस्टरकडे पाहूनच शिकला जातो. ती शेजारी नसेल, तर परतलेली परिचारिका बहुधा गप्प राहते. आपल्याहून वयाने लहान सहकाऱ्यांना साध्या गोष्टी विचारण्याचा संकोच फार मोठा असतो. इन्सुलिनची मात्रा किंवा पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण यांच्या बाबतीत हा संकोच रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो, कारण पोटॅशियमचे तीव्र द्रावण पातळ न करता शिरेतून दिले गेल्यास हृदय बंद पडू शकते.

म्हणून माझी रुग्णालय व्यवस्थापनांना विनंती आहे की, अशा परिचारिकेला सुरुवातीचे काही आठवडे ड्युटीच्या संख्येत धरू नये. तिला एकाच वॉर्डात, एकाच ज्येष्ठ परिचारिकेसोबत ठेवावे आणि त्या ज्येष्ठ परिचारिकेकडचे रुग्णही तेवढ्या काळापुरते कमी करावेत. ही शेवटची गोष्ट हमखास वगळली जाते आणि मग शिकवणारी थकते व शिकणारी एकटी पडते. औषधे देणे सुरुवातीला देखरेखीखालीच व्हावे. रुग्णसंख्या किती दिवसांनी वाढवायची हे दिनदर्शिकेवरून ठरवू नये, तिचे काम पाहून ठरवावे.

यात अशक्य काही नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांत ४५० तासांचे प्रत्यक्ष काम नसेल, तर नोंदणी टिकवण्यासाठी पुनःप्रवेशाचा अभ्यासक्रम किंवा क्षमता चाचणी असे मार्ग आखून दिलेले आहेत. नियम सर्वांना सारखा असल्यामुळे त्यातून जाण्यात कोणाला कमीपणा वाटण्याचे कारण राहत नाही. भरतीच्या जाहिरातींतही 'अलीकडचा अनुभव किंवा देखरेखीखालील पुनःप्रवेशाची तयारी' एवढा बदल केला, तर आज अर्जच न करणाऱ्या कितीतरी जणी अर्ज करतील.

परतू पाहणाऱ्या भगिनींनाही एक सांगावेसे वाटते. मुलाखतीत खंडाचा काळ झाकू नका आणि येत नसलेल्या कामांची यादी स्वतःहून पुढे ठेवा. ज्या वॉर्डाची प्रमुख ती यादी पाहून नाराज होते, त्या वॉर्डात तुम्हाला शिकवायला कोणी वेळ देणार नाही, हे नेमणुकीआधीच कळलेले बरे.

आपली विश्वासू,
एक ज्येष्ठ परिचारिका