खोदकामाचं खातं

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी जे बोलले त्यातलं एक वाक्य मला परत घ्यायचंय. "तुमच्या पिढीने सगळं जाळून टाकलं आणि निस्तरायचं मात्र आम्ही." बाबा, तेलाच्या विहिरींवर काम केलेल्या तुम्हाला मी हे ऐकवलं, आणि त्यावर तुम्ही "बरं" एवढंच म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. तुमचं ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते. त्यापेक्षा तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं.

रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडायला बसले. दिवसभर लोकांचे ताळेबंद तपासणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार! आणि माझं वाक्य सपशेल चुकीचं निघालं. माणसाने आजवर जितका कोळसा, तेल आणि वायू जाळला, त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून जास्त १९९० नंतरचा आहे. १९९० साली मी चौथीत होते. म्हणजे अडीचशे वर्षांच्या जळणातलं मोठं माप शेवटच्या पस्तीस वर्षांतलं, आणि त्यातली वीस-बावीस वर्षं तर मी स्वतः कमावती आहे. वर हे सगळं ठाऊक असताना. जेम्स हॅन्सन हे हवामानशास्त्रज्ञ अमेरिकी सिनेटसमोर "तापमानवाढ सुरू झाली आहे" असं सांगून आले ते १९८८ साली. तेव्हा "तुमची पिढी" हे शब्द मी मागे घेते. बाकीचं भांडण मात्र चालू ठेवायचंय, कारण फोनवर त्याआधी तुम्ही जे दोन मुद्दे काढलेत त्यातला एक मला पटलेला नाही आणि दुसरा फारच पटलाय.

न पटलेला आधी. "ज्वालामुखी काय कमी धूर सोडतात? निसर्गाचं हे चालूच असतं." बाबा, जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो आपल्या इंधनांतून निघणाऱ्याच्या तुलनेत फार तर एक-दोन टक्के भरेल. पण आकडा राहू दे, यामागची गोष्टच तुम्हाला जास्त आवडेल. चार्ल्स कीलिंग नावाच्या माणसाने १९५८ साली हवाईमधल्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला. तुम्ही तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायला लागला होतात. दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग भरले. आज त्याच पर्वतावर ४२० च्या वर भरतात, आणि कारखाने यायच्या आधी ते २८० च्या आसपास होते. चार्ल्स कीलिंग २००५ साली गेले. त्यांचा मुलगा राल्फ मोजतो ऑक्सिजन. हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित, पण वर्षागणिक कमी होतोय. कार्बन जळताना ऑक्सिजन खातो. ज्वालामुखीच्या पोटातून वायू येताना हवेतला ऑक्सिजन असा खर्ची पडत नाही. बापाने जमेची बाजू लिहिली, लेकाने खर्चाची, आणि दोन्हींवरून उत्तर एकच निघालं: हे जळणच आहे. (दोन पिढ्यांनी एकाच वहीत लिहिलं की किती बरं असतं, हे मी मुद्दाम सुचवत नाहीये.)

आई, इथे तुझी आठवण आली. नववीच्या वर्गात तू फळ्यावर मांडायचीस, कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा दुणे बत्तीस, बेरीज चव्वेचाळीस. बारा ग्रॅम कार्बन जाळला की चव्वेचाळीस ग्रॅम वायू. मागच्या बाकावरून कुणीतरी हटकून विचारायचं, "बाई, जाळल्यावर वजन वाढतं कसं?" लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, पण ते जळून सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड होतो. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. मी वर्गात हे पाठ केलं होतं. कळलं परवा. राखेची टोपली भरते म्हणून आपल्याला कचरा दिसतो. हा कचरा इंधनाच्या तिप्पट वजनाचा आहे आणि दिसत नाही, एवढाच फरक.

आता पटलेला मुद्दा. तुम्ही म्हणालात, "आम्ही काय हौसेने खोदत होतो? तुम्हाला हवं होतं म्हणून काढलं. काढलं नसतं तर तुझी शाळेची बस कशावर चालली असती?" मी त्यावर काहीतरी उलट बोलले, पण तुमचं अर्धं तरी खरं आहे. नुसती बसच कशाला, नायट्रोजनचं खत नैसर्गिक वायूच्या जोरावर बनतं, पोलाद कोळशापासून केलेल्या कोकच्या भट्टीतून येतं, आणि मी हे लिहितेय त्या पेनाची नळीही तेलातूनच. तुमच्या हातून जे वर आलं त्यावर मी वाढले. ते नाकारून मला शहाणं व्हायचं नाही.

पण त्या अर्ध्या खऱ्याच्या मागे एक चमत्कारिक गोष्ट सापडली. हवामानाच्या सगळ्या आंतरराष्ट्रीय हिशेबात धूर मोजतात, खोदकाम मोजत नाहीत. तेल जिथे जळतं त्या देशाच्या नावावर लागतं; जिथून काढलं तिथे फक्त काढतानाचा, शुद्धीकरणाचा खर्ची पडलेला धूर लिहिला जातो. नॉर्वेचं उदाहरण घ्या. २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ विजेवरच्या होत्या. कौतुक करावं तेवढं थोडं. आणि उत्तर समुद्रातून त्यांचं तेल आणि वायू १९७० च्या दशकापासून निघतोच आहे, बोटींतून आणि पाइपांतून परदेशी जातोच आहे. त्यांच्या वहीत दोष काही नाही, नियमच तसा आहे. पण माझ्याकडे कुणी असा ताळेबंद आणला की माल दुकानातून गेला आणि विक्रीच्या खात्यात काहीच नाही, तर मी सही करणार नाही.

तापमानवाढ रोखण्यासाठी देशांनी केलेला २०१५ चा पॅरिस करार मी मुद्दाम शोधून पुन्हा वाचला. त्यात "कोळसा" हा शब्द नाही. "तेल" नाही. "जीवाश्म इंधन" नाही. दारूबंदीचा ठराव करावा आणि त्यात दारूचं नाव घेऊ नये, तशातली गत. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत कोळशाचा वापर "हळूहळू कमी" करण्याचं कागदावर आलं, आणि जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा यायला २०२३ ची दुबई उजाडावी लागली. सरकारांच्या स्वतःच्या योजनांची बेरीज काही संशोधन संस्था करतात. तापमानवाढ १.५ अंशांवर थांबवायची तर २०३० साली जितकं इंधन काढणं परवडेल, त्याच्या दुपटीहून जास्त काढायचा बेत आहे. तीच सरकारं त्या करारावर सह्या करून आलेली आहेत.

किती काढतो आपण? तेल दिवसाला सुमारे दहा कोटी पिंपं. एका पिंपात १५९ लिटर. मी भागाकार केला: दर सेकंदाला एक लाख चौऱ्याऐंशी हजार लिटर. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत पाच-सात लाख लिटर वर आलं. कोळसा वर्षाला ८५० कोटी टनांहून जास्त, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये. इंग्लंडने आपलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं, पहिलं सुरू केल्यापासून १४२ वर्षांनी. पण जगाचा आकडा त्या वर्षीही खाली आला नाही.

बाबा, माझ्या टेबलावर तुम्ही दिलेला तो दगड आहे, तेलविहिरीतून काढलेल्या खडकाच्या गाभ्याचा तुकडा, एका बाजूला करवतीने कापलेला. दहा वर्षं मी तो कागदांवर वजन म्हणून ठेवलाय. काल रात्री तुमच्यासारखं केलं. कापलेल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडला. आधी फुगून बसला, मग काठाने ओल पसरली, आणि मोजून दहापर्यंत गेले तर थेंब नाहीसा. तुम्ही सांगायचात, "तळघरात तेलाचं तळं नसतं बाळा, दगडच पितो आणि दगडातच राहतं." समुद्रात मेलेल्या सूक्ष्म जीवांचा गाळ, त्यावर आणखी गाळ, आणि काही कोटी वर्षं. ते आपण सेकंदाला दोन लाख लिटरच्या घरात उपसतो. हा दगड मला एरवी कधी जड वाटला नाही.

तुमच्या तेलाच्या रिगवरची ती ज्वाळाही आठवली. सुट्टीत घरी आलात की म्हणायचात, रात्री कधी काळोखच होत नाही. तेलाबरोबर येणारा वायू नेण्याची सोय नसली की तो तिथेच पेटवून द्यायचा. आजही जगभर वर्षाला जवळजवळ १५० अब्ज घनमीटर वायू असा नुसता जाळला जातो. पेटवण्याला निदान कारण आहे: न जळता सुटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींनी जास्त तापवतो. पण ज्वाळा वाऱ्याने विझते, अर्धवट जळते, जुन्या विहिरींच्या तोंडातून गळती होते. हे गळणं बंद करणं हे तर सगळ्यात स्वस्त काम, आणि तेही होत नाही. यावर मला खरंच राग येतो.

हवेत गेलेल्याचं पुढे काय होतं, त्यात एक गोष्ट अशी आहे की ती समजली आणि माझी सगळी समजूत बदलली. इंधनांतून वर्षाला साधारण ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड निघतो. माणसाच्या हातून सुटणाऱ्या एकूण वायूतला निम्म्याच्या आसपास समुद्र आणि झाडं-माती पिऊन टाकतात, उरलेला हवेत राहतो, आणि त्यातला काही भाग हजारो वर्षं. म्हणजे तापमान ठरवते ती या वर्षीची नव्हे, आजवरची एकूण बेरीज. दर एक हजार अब्ज टनांमागे जवळजवळ अर्धा अंश. "यंदा वाढ कमी झाली" अशा बातमीवर मी पूर्वी खूश व्हायचे. कर्जाचा हप्ता वाढायचा थांबला म्हणून कर्ज फिटत नाही, हे मी दुसऱ्यांना पैसे घेऊन सांगते!

२०२४ हे वर्ष कारखान्यांपूर्वीच्या काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी जास्त तापलं. हवा एक अंश तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि नसतो तेव्हा हीच हवा मातीतलाही ओलावा ओढून नेते. समुद्र गेल्या शतकभरात वीतभर वर आला, आणि आता पूर्वीपेक्षा वेगाने येतोय. या सगळ्यात माझ्या डोक्यातून एक गाव जात नाही, कॅनडातलं फोर्ट मॅकमरे. आजूबाजूला तेलाची वाळू, गावाचा संसार त्याच्यावर. मे २०१६ मध्ये जंगलाची आग गावात शिरली. ८८ हजार माणसं एकाच महामार्गावरून, दोन्ही बाजूंना ज्वाळा असताना निघाली. तेलाचं बरंचसं काम बंद पडलं आणि मग पुन्हा सुरू झालं. कोरडं, उष्ण हवामान अशा आगींना जास्त वेळा जागा करून देतं. एकाच आगीला एकच कारण लावणं मला जमणार नाही. पण त्या गाड्यांमध्ये बसलेले बरेच जण तुमच्याच धंद्यातले होते. शिफ्ट संपवून घरी आलेले, आणि घर नाही. मी त्यांना "तुमच्या पिढीने" म्हणू शकले असते का?

तुम्ही विचाराल, मग हा कार्बन डायऑक्साइड पुन्हा दगडात का कोंबत नाही? कोंबतात. नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ पासून, सुरुवातीची बरीच वर्षं दर वर्षी दहा लाख टनांच्या आसपास, आणि तो तिथे टिकलाही आहे. तुमच्या दगडाची छिद्रं दोन्ही कामाला येतात. पण जगातली अशी सगळी यंत्रणा मिळून वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात जाते, समोर ३७ अब्ज. आई, शेकडा काढून बघ, एक टक्काही भरत नाही. आणि त्यातला बराचसा वायू जुन्या विहिरींत घालून आणखी तेलच वर काढतात.

म्हणून माझं तुमच्याकडे एक काम आहे, बाबा. विहीर सुरू कशी करायची ते तुम्ही मला शंभरदा सांगितलंय. बंद कशी करतात ते कधीच नाही. सिमेंटचा डाट किती खोल घालतात, एक का अनेक, तो धरलाय की नाही हे कसं तपासतात, वीस वर्षांनी गळायला लागला तर कुणाच्या नावावर खर्च पडतो. येत्या काळात जगाला हे काम लाखो विहिरींवर करावं लागणार आहे आणि ते तुमच्यासारख्यांनाच येतं. दोन पानं लिहून पाठवा. आकृती काढलीत तर उत्तम, तुमच्या आकृत्या अजून माझ्या वहीत आहेत.

रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करते. आई, ते समोर बसलेले असताना "झोपलेत" म्हणून सांगू नकोस, मला मागून खोकला ऐकू येतो.

तुमची,
लेक