उसाच्या ट्रॉलीची पिनही काट्यावर तपासा : साखर आयुक्तांना खुले पत्र

मा. साखर आयुक्त,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे

स. न. वि. वि.

हंगामाच्या तोंडावर उसाच्या ट्रॉल्यांना मागून रिफ्लेक्टर लावायची मोहीम होते, पेपरात फोटो येतात. मोहीम हवीच. अंधारात रस्त्याकडेला उभी ट्रॉली दुचाकीवाल्याला दिसतच नाही. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली जिथे जोडतात, तिथे कोणी वाकून बघत नाही. ट्रॉल्यांच्या वेल्डिंग-दुरुस्तीचा माझा धंदा आहे, त्यामुळे मला वाकावेच लागते.

ट्रॉलीची पुढची दांडी ट्रॅक्टरच्या हुकाला एका पिनेने अडकवतात. ही मूळ पिन हरवली की तिच्या जागी सळईचा तुकडा नाहीतर जुना बोल्ट येतो. पिन निसटू नये म्हणून खाली लावायची क्लिप गेलेली असते, तिथे तारेचे दोन वेढे. निम्मा हंगाम उलटेपर्यंत पिन मधोमध झिजून तिला कंबर पडते आणि हुकाचे गोल भोक लांबट होते. मग प्रत्येक गतिरोधकावर, प्रत्येक गिअरला दांडी मागेपुढे आदळते आणि ठोका बसतो तो नेमका झिजल्या जागी. दांडीखालून फुलीसारख्या दोन साखळ्या टाकल्या, तर पिन तुटली तरी दांडी त्यांच्यावर टेकते, डांबरात रुतत नाही. अशा साखळ्या माझ्याकडे येणाऱ्या ट्रॉल्यांना क्वचितच असतात.

दांडी कुठे अडकवली यालाही महत्त्व आहे. ओढ मागच्या एक्सलच्या वरून लागली, की चढाला ट्रॅक्टर पुढून उचलतो. म्हणून दांडी ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ओढपट्टीलाच, म्हणजे ड्रॉबारलाच हवी. आपल्याकडे त्यावर उपाय काय, तर बोनेटवर दोन माणसे बसवायची!

ब्रेकची गोष्ट याहून वाईट. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडल असतात, शेतात जागेवर वळता यावे म्हणून डावे-उजवे वेगळे. रस्त्यावर ती पट्टीने जोडायची असतात. जोडली नाहीत आणि घाईत एकच दाबले गेले, की ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो आणि मागची ट्रॉली त्याला आडवा ढकलते. दोन-अडीच टनांचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्यांत पंधरा-वीस टन ऊस, आणि ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नाही. उतारावर कोण कोणाला नेतो, हे सांगायला नको.

आपण म्हणाल, हे आरटीओचे काम. कायदा आहे, जादा वजनाला 20 हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. पण चौफुल्यापासून भिगवणपर्यंत प्रत्येक फाट्यावर आरटीओचा माणूस कसा उभा राहणार? कारखान्याच्या काट्यावर मात्र एकूण एक ट्रॉली येते. तिचे वजन पावतीवर छापले जाते. ते वजन हूक पेलेल का, हे मात्र कोणी विचारत नाही.

गाळप परवाना आपल्या कार्यालयातून निघतो. त्यात एक अट घाला : वाहतुकीचा करार करताना पिन, क्लिप, साखळी आणि ब्रेक बघितल्याशिवाय ट्रॉलीची नोंद नाही, आणि हंगामात काट्यावर पिनेला झीज मोजायचा गेज लावायचा. झिजलेली निघाली तर ट्रॉली परत पाठवू नका. रात्रभर नंबर लावून बसलेला ड्रायव्हर पुढच्या वेळी पिन लपवेल. कारखान्याच्या स्टोअरमधून तिथेच नवी द्या आणि बिलातून कापा. उसाच्या एका खेपेपुढे पिनेची किंमत ती काय!

दुसऱ्या ट्रॉलीचे काय करायचे, हा खरा अवघड प्रश्न. तिला ओढणारा हूक पहिल्या ट्रॉलीच्या चासीला आमच्यासारखेच वेल्डिंग मारून बसवतात. पत्रा किती जाडीचा, वेल्ड किती लांबीचा, सगळे नजरेच्या अंदाजाने. वाहने तपासणाऱ्या दोन संस्था जवळच आहेत, एआरएआय पुण्यात आणि सीआयआरटी भोसरीला. त्यांच्याकडून या हुकाचे एक प्रमाण ड्रॉइंग करून घ्या आणि मराठीत छापून गावोगावच्या वर्कशॉपना पाठवा. जुन्या ट्रॉल्यांची कामे आमच्याकडे पावसाळ्यातच येतात, तेव्हा ड्रॉइंग जूनपर्यंत हातात पडले तर येत्या हंगामाला उपयोग होईल.

कळावे,
दौंड तालुक्यातील एक ट्रॉली कारागीर