विषय : स्वयंपाकघरातल्या पिपाणीबाबत पाचवी आणि शेवटची तक्रार

पुणे, २८ मे

मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

आपल्या कंपनीचं वॉटर प्युरिफायर दर पंधरा मिनिटांनी तीनदा वाजतं. वरची ओळ लिहून होईपर्यंत एकदा वाजून झालं. मॉडेल कोणतं, एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, क्रमांक काय, हे मी इथे लिहीत नाही. गेल्या सतरा दिवसांत ते मी आपल्या माणसांना चार वेळा सांगितलं आहे आणि प्रत्येकाने ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं लिहून घेतलं आहे. कुठेतरी असेल. शोधा.

११ मेला एएमसीतली सर्व्हिस झाली. आपल्या माणसाने प्री-फिल्टर बदलला, कार्बनचा फिल्टर बदलला, मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा आतला पडदा, 'अजून सहा महिने जाईल' म्हणाला, मोबाइलवर आलेला कोड माझ्याकडून घेतला आणि गेला. त्या कोडला आपण 'हॅपी कोड' म्हणता. तो दिला की ग्राहक आनंदी झाला असं आपल्या कॉम्प्युटरला कळतं. ग्राहकाला कळायला वेळ लागतो. मला दहा मिनिटं लागली, कारण तेवढ्या वेळात लाल दिवा लागला आणि मशीन वाजलं : फिल्टर बदला. फिल्टर नुकताच बदललेला. जुना अजून सिंकखाली पेपरात गुंडाळून पडलेला होता.

असं का होतं हे मी आपल्याला समजावून सांगायची गरज नसावी, मशीन आपलंच आहे. ते फिल्टर तपासत वगैरे नाही. आतला काउंटर मोजत बसतो आणि आकडा भरला की बोंब मारतो. नवा फिल्टर घातल्यावर तो शून्यावर आणायचा असतो. आपला माणूस विसरला. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, उन्हातून आला होता, दिवसभरात आणखी सात घरं करायची आहेत म्हणाला, दोन ग्लास पन्हं प्यायला. माणूस विसरतो. मला फक्त एवढंच हवं आहे : कोणती बटणं किती सेकंद दाबायची? हे माहितीपुस्तिकेत नाही. पुस्तिकेत पहिल्या पानावर आठ भाषांत 'अभिनंदन' आहे.

आवाज लहान आहे हे मला मान्य आहे. आमच्या गल्लीत गणपतीत जे वाजतं त्यापुढे तो काहीच नाही. पण तासाला चार वेळा, दिवसाला ९६ वेळा, प्रत्येक वेळी तीन, म्हणजे दिवसाचे २८८. सतरा दिवसांचे ४८९६. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो, आणि आपला बझर नेमका तिथेच बोलतो. खरा त्रास वाजण्याचा नाहीच, वाजायची वाट बघण्याचा आहे. रात्री अडीचला जाग येते ती आवाजाने नाही, 'आता वाजेल' म्हणून. चौदाव्या मिनिटाला हात भांडी घासताना थांबतो. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. आणि कुकरच्या तीन शिट्ट्यांनी निदान भात तरी होतो.

'रात्री प्लग काढून ठेवा' हा सल्ला मला दोनदा मिळाला आहे. काढून पाहिला. प्लग मशीनच्या मागे, तोही सिंकच्या वर, म्हणजे त्यासाठी रोज स्टुलावर चढायचं. वय सांगत नाही, पण डॉक्टरांनी स्टूल बंद करायला सांगितलं आहे. बरं, सकाळी प्लग लावला की मशीन आधी स्वतःच्या आगमनाची धून वाजवतं, मग ती तीन बोंबा मारतं, मग घर्र करून पाणी भरायला घेतं. म्हणजे रात्रीची झोप वाचवायची तर सकाळी सहाला बँड.

आता आजच्या फोनविषयी. हे पत्र संयमाने लिहायचं मी ठरवलं होतं, आणि इथपर्यंत तो बऱ्यापैकी टिकला आहे.

पावणेअकराला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबलं. आपले मराठी प्रतिनिधी व्यस्त होते. मग सनई, मग आपल्या नव्या मॉडेलची जाहिरात, पुन्हा सनई. चौदा मिनिटांनी एक मुलगा आला. "मी आपली काय सहाय्यता करू शकतो?" मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "झालेल्या असुविधेसाठी खेद आहे." आमच्या घरी निवृत्त मराठीचे प्राध्यापक आहेत, ते पेपरमागून म्हणाले, "असुविधा नाही, गैरसोय म्हणायला सांग त्याला." या सबंध प्रकरणातलं त्यांचं योगदान तेवढंच.

मी म्हटलं, बाळा, काउंटर रिसेट करायचा राहिलाय, तेवढं कसं करायचं ते सांग. पलीकडे टाइप केल्याचा आवाज. मग :

"मॅडम, घरात कोणी टेक्निकल व्यक्ती आहे का?"

मी विचारलं, म्हणजे?

"म्हणजे सर असतील तर सरांना फोन देता का?"

व्यवस्थापक महोदय, मी ३१ वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. आपल्या मशीनमध्ये जे रिव्हर्स ऑस्मोसिस (आरओ) होतं, त्यातलं ऑस्मोसिस मी बेदाणे पाण्यात भिजवून किती तुकड्यांना दाखवलं असेल याची गणती नाही. सरांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, आयुष्यात एकदाच फ्यूज बदलला, तेव्हा अख्ख्या वाड्याचा दिवा गेला होता. हे मी त्या मुलाला सांगितलं नाही. "टेक्निकल व्यक्तीच बोलतेय, बोल," एवढंच म्हटलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "मग मॅडम, फोन मशीनजवळ धरा, मला आवाज ऐकायला लागेल. त्याशिवाय टिकीट पुढे जात नाही."

मी स्टुलावर चढले. एका हाताने ओट्यावरची फळी धरली, दुसऱ्या हाताने फोन मशीनला लावला. आणि वाट बघितली. नुकतंच वाजून गेलं होतं, त्यामुळे अकरा मिनिटं बाकी होती, हे मला पाठ आहे. त्या अकरा मिनिटांत आपल्या प्रतिनिधीने मला एक्स्चेंज ऑफर सांगितली. म्हणाला, "मॅडम, तुमच्या एरियाचं पाणी खूप हार्ड आहे, हे मॉडेल जुनं झालंय, नव्यात कॉपर पण येतं." मी स्टुलावरूनच सांगितलं की आम्ही खडकवासल्याचं पाणी पितो, ११ तारखेला तुमच्याच माणसाच्या मीटरवर नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ९२ आला होता, आणि भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात ५०० पर्यंतचं पाणी चांगलं धरलं आहे. तो म्हणाला, "हो मॅडम, पण कॉपर."

शेवटी वाजलं. तीनदा, स्वच्छ. मी विचारलं, ऐकलंस? तो म्हणाला :

"हो मॅडम. नॉर्मल आहे."

अकरा मिनिटं स्टुलावर उभी राहिलेल्या बाईला हे उत्तर. नॉर्मल! मी म्हटलं, नॉर्मल असेल पण बंद कसं करायचं? "ती प्रोसेस कस्टमरला सांगता येत नाही मॅडम, पॉलिसी आहे. टेक्निशियन व्हिजिट टाकतो, व्हिजिट चार्ज ४५० प्लस जीएसटी." एएमसी आहे म्हटलं. "एएमसीत फिल्टर कव्हर आहे मॅडम, अलार्म कव्हर नाही." म्हणजे जो अलार्म तुमच्या माणसाच्या विसरण्यामुळे वाजतोय, तो बंद करायला पैसे मी द्यायचे, आणि ज्या दोन बटणांनी तो बंद होतो, ती दाबायची माहिती गुप्त. सरकारी गोपनीयतेचा कायदा पाण्याच्या मशीनला कधी लागू झाला?

पण मला अजून जे टोचतंय ते पैसे नव्हेत. 'सरांना फोन देता का' हे टोचतंय.

आता हे मशीन आमच्या घरी आलंच कसं, तेही एकदा लिहून टाकते, कारण खरं तर मी तेव्हाच हे पत्र लिहायला हवं होतं. नऊ वर्षांपूर्वी आपला विक्रेता आमच्या सोसायटीत प्रयोग दाखवायला आला होता. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत लोखंडाच्या सळ्या बुडवल्या, वीज सोडली. नळाचं पाणी तांबडं-हिरवं, गढूळ झालं, मशीनचं तसंच नितळ राहिलं. बायका 'अगंबाई' म्हणाल्या. दहावीच्या मुलालाही सांगता येईल की नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरतं, मशीनच्या पाण्यात क्षार फारसे नाहीत, म्हणून काही होत नाही. घाण पाण्यात नव्हती, सळ्यांत होती. मी त्या दिवशी शाळेत होते. पेपर तपासणी होती. संध्याकाळी घरी आले तर ह्यांनी चेक दिलेला.

तरी वापरलं. एकदा घेतलं म्हणून. एक लिटर पाण्यामागे तीन लिटर नळीतून वाया जातं, ते मी नऊ वर्षं बादलीत धरून त्याने फरशी पुसते. ५०० च्या खाली टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं, तेव्हाही मी आपल्याला काही म्हटलं नाही. दरवर्षी एएमसी भरली. नऊ वर्षं निमूट असणाऱ्या ग्राहकाला आपण दोन बटणं सांगू शकत नाही.

तर आता ऐका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आज दुपारी माझी तक्रार नोंदवून झाली आहे. तिथे कोणी सरांना फोन द्यायला सांगितलं नाही. आठ दिवसांत आवाज थांबला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मशीन ५ लाखांच्या आतलं असल्याने तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, आणि मला वेळच वेळ आहे, झोप लागत नसल्यामुळे रात्रीचाही. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली याच शहरात सुरू झाली, हे आपल्या पुण्याच्या शाखेला माहीत असावं. नसेल तर माहीत होईल.

मागणी एकच आहे. कोणती बटणं, किती सेकंद. पोस्टकार्डावर मावेल. व्हिजिट नको, एक्स्चेंज नको, कॉपर तर अजिबात नको. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळचा तांब्याचा हंडा आहे, त्याला बझर नाही.

आपली ग्राहक
(करार संपेपर्यंत)

ता. क. : लिफाफ्यावर पत्ता घालताना आपला एसएमएस आला. 'आपल्या तक्रारीचे यशस्वीरीत्या निवारण करण्यात आले आहे. आमच्या सेवेला १ ते ५ पैकी गुण द्या.' मी ० दिला. '० हा पर्याय उपलब्ध नाही' असं उत्तर आलं.

ता. क. २ : आपल्या प्रतिनिधीला सरांशीच बोलायचं असेल तर सात वाजल्यानंतर फोन करायला सांगा, ते तेव्हा फिरून आलेले असतात. शुद्धलेखनाची अडचण असेल तर ते जरूर मदत करतील. मशीनबद्दल काही असेल तर मला द्यायला सांगतील.