पीक विमा भरताय त्या सगळ्या सभासदांसाठी

मंडळी, एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झालाय, आता आपला हिस्सा विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत, बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. भरपाई महसूल मंडळातल्या (काही गावांचा मिळून गट) पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडलेल्या शेतातलं पीक कापून उत्पादन वजन करून बघण्यावर ठरते, म्हणून गावात प्रयोग असेल त्या दिवशी बांधावर हजर राहाच, काट्यावरचं वजन स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कळकळीने सांगतोय. फॉर्मवर सोयाबीन आणि ई-पीक पाहणीत (मोबाईल अ‍ॅपवरची पिकाची नोंद) तूर असं झालं की क्लेम अडकतो, गट नंबर पण तपासा. कर्जदारांनो, विमा नको असेल तर विमा भरायच्या शेवटच्या मुदतीच्या ७ दिवस आधी बँकेत लेखी द्या, नाहीतर हप्ता खात्यातून कापला जातो.