अस्वलासाठी पिस्तूल? आधी कायदा तरी वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला अलास्कावरचा लेख वाचला. हिमनद्यांचे वर्णन झकास. पण ‘जंगलात पायी फिरायचे तर कमरेला पिस्तूल हवेच, इथे परवानाही लागत नाही’ हा सल्ला वाचकांना गोत्यात आणेल. मी अँकरेजला राहतो, सामन मासे पकडायला नदीवर जाताना .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर जवळ ठेवतो. तेव्हा हे पत्र बंदुकीची ॲलर्जी असलेल्याचे नव्हे.

राज्यात परवाना लागत नाही, हे खरे. पण केंद्राचा कायदा निराळा आहे. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला अमेरिकेत बंदूकच काय, काडतुसेही बाळगता येत नाहीत. शिकारीचा अधिकृत परवाना काढलेल्यांना वगैरे मोजके अपवाद आहेत. लेकीकडे आलेले आईवडील असोत की एमएस करणारा मुलगा, मित्राचे पिस्तूल ‘दोन दिवसांपुरते’ लावले तरी गुन्हा होऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही आडकाठी नाही. आणि कॅनडातून गाडीने येणार असाल तर पिस्तुलाचे नावच काढू नका.

आता अस्वलाकडे वळू. ग्रिझली, म्हणजे इथले तपकिरी अस्वल, ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते. वीस मीटरवरच्या झुडपातून निघाले, तर तुमच्या हातात दीड सेकंद. तेवढ्यात पिस्तूल काढायचे, नेम धरायचा, चाप ओढायचा. .44ची पहिली गोळी सुटली की नळी कपाळापर्यंत उसळते. ती खाली आणून दुसरी झाडेपर्यंत खेळ आटोपलेला असतो. 2010 साली राष्ट्रीय उद्यानांत बंदूक न्यायची मुभा मिळाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात इथल्या डेनाली उद्यानात एका पदभ्रमण करणाऱ्याने .45 पिस्तुलातून ग्रिझलीवर गोळ्यांमागून गोळ्या झाडल्या. माणसे वाचली, अस्वल मात्र वळून झाडीत गेले आणि तिथे मेले.

पिस्तुलाला पर्याय म्हणजे अस्वलावर फवारायचा तिखटाचा स्प्रे. स्प्रेवाले आणि बंदूकवाले दोघेही अस्वलांचे अभ्यासक टॉम स्मिथ यांच्या अभ्यासांतले आकडे एकमेकांवर फेकतात. 2008च्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलांना नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा रोखले. 2012च्या अभ्यासात पिस्तुलाचे यश 84 टक्के, रायफलचे 76. पण दोन्हींतले प्रसंग एकाच जातीचे नाहीत. स्प्रेच्या प्रसंगांत नुसतीच हुंगत आलेली अस्वलेही आहेत, बंदुकीच्या प्रसंगांत बिघडलेले मामले जास्त. त्यामुळे टक्क्यांची वजाबाकी करून निकाल लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मला पटते ते एवढेच, की घाबरलेल्या माणसाला आठ-नऊ मीटरपर्यंत तिखटाचा ढग उभा करणे नेम धरण्यापेक्षा सोपे जाते. जोराचा वारा समोरून असेल तर तो ढग आपल्याच डोळ्यांत येतो, हेही सांगून ठेवतो. म्हणून नदीवर मी दोन्ही नेतो.

स्प्रे सॅकच्या आत ठेवलेला दिसला की मला चीड येते. तो छातीवरच्या किंवा कमरेच्या पट्ट्यात हवा. सेफ्टी क्लिप अंगठ्याने मागे ओढायची सवय सरावाच्या, म्हणजे तिखट नसलेल्या डब्यावर करावी. अंगाला किंवा तंबूला फवारू नये. तो डासांचा स्प्रे नव्हे. झाडी दाट असेल तिथे मोठ्याने बोलत चालावे, खाणे तंबूपासून लांब, अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवावे. निम्मे काम तिथेच होते.

शिवाय गोळी घालून सुटका नाही. जीव वाचवण्यासाठी अस्वल मारले तरी ते सोलून, नखांसकट कातडे आणि कवटी सरकारजमा करावी लागते, वर लेखी अहवाल. ते काम रक्ताने माखून, दुसरे अस्वल वासावर येईल या धास्तीत उरकायचे.

परवान्याबद्दलची दुरुस्ती कृपया ठळक छापावी. आणि स्प्रे विमानात नेता येत नाही, ना हातातल्या बॅगेत ना सामानात (पिस्तूल मात्र कुलूपबंद पेटीत, नोंद करून सामानात जाते, हा इथला विनोद), तेव्हा तो उतरल्यावर विकत घ्यावा हेही त्यात जोडावे.

आपला,
एक वाचक, अँकरेज, अलास्का