नव्या कोऱ्या नाण्यांचं पाकीट खेड्यातल्या बँकेत काहून मिळत नाही?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

नाणी जमवायचा नाद फक्त पुण्या-मुंबईच्या लोकांना असतो असं काही नाही, आमच्या मंगरुळपीर, कारंजा, मानोरा भागात पण बरेच जण आहेत, शाळेतल्या पोट्ट्यांपासून रिटायर झालेल्या मास्तरांपर्यंत. मी लिहितोय ते नव्या कोऱ्या नाण्यांबद्दल, म्हंजे टांकसाळीतून निघाल्यावर कोणाच्या खिशात गेलीच नाहीत अशी, ऑनलाइन विकणारे त्यांना यूएनसी म्हणतात. 25, 50 नाहीतर 100 नाण्यांचा रोल किंवा पाकीट असतं. आम्हाला ते ऑनलाइनच घ्यावं लागतं कारण तालुक्याच्या बँकेत मिळत नाही, आणि दहाच्या शंभर नाण्यांची किंमत हजार रुपयेच असली तरी विकणारा बरेच जास्त घेतो, वरून कुरिअर वेगळं.

घरचे विचारतात, एक नाणं पुरत नाही का, शंभर काहून पायजेत? तर सालाच्या खाली नीट पाहा. मुंबईच्या टांकसाळीची चौकटीसारखी खूण असते, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका आणि कोलकात्याची खूणच नसते. म्हंजे एकाच सालाचं एकच नाणं चार प्रकारचं असू शकतं. दुसरं असं की नवीन म्हणजे बिनडाग नाही. टांकसाळीच्या थैलीत नाणी एकमेकांवर आदळतात, बारीक टवके पडतात, शंभरातून अगदी स्वच्छ अशी थोडीच निघतात ती आपण ठेवतो, बाकीची अदलाबदलीला कामी येतात. आणि एका पाकिटातली नाणी एकत्र ठेवली तर नाणं छापायचा साचा कसा झिजत गेला, कुठं तडकला हे ओळीनं दिसतं, सुट्या एका नाण्यात ते कधीच दिसणार नाही.

एकत्र असण्याची किंमत आमच्या तालुक्याला तरी सांगायला नको. तऱ्हाळ्याला 1939 साली सातवाहनांची दीड हजारांवर नाणी एका जागी सापडली, पोटीन म्हंजे तांब्याच्या मिश्र धातूची, आणि इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्यांच्यावरची अक्षरं वाचली तेव्हा पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावं निघाली. तीच नाणी एकेक करून विकली गेली असती तर काय हाती लागलं असतं? आजचं वीस रुपयाचं बारा कोनाचं नाणं उद्या जुनंच होणार आहे ना.

आता ऑनलाइनचा अनुभव सांगतो. आमच्या शेजारच्या पोट्ट्यानं कापूस वेचणीच्या पैशातून दोन रुपयाच्या नाण्यांचा 50 चा सीलबंद रोल मागवला. खोलला तर दोन्ही टोकांची नाणी झकास आणि मधली सगळी बाजारात फिरलेली, तीही कशानं तरी घासून चमकवलेली. आम्ही ती खिडकीपाशी नेऊन पाहिली. कोरं नाणं उजेडात हळूहळू कलतं केलं की चमकीचा एक पट्टा त्याच्यावरून गोल फिरत जातो, घासलेलं नाणं मात्र सगळीकडून सारखंच चमकतं आणि भिंगातून पाहिलं की ओरखड्यांचं जाळं दिसतं. सिंहाची आयाळ पार गुळगुळीत झालेली. त्यात काहींवर तारा, काहींवर ठिपका! टांकसाळीतून आलेलं पाकीट असतं तर सगळी एकाच टांकसाळीची निघाली असती, म्हंजे हा रोल कोणीतरी घरी बसून बांधलेला. विकणारा फोन उचलत नाही. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून यायचे आहेत. दहावीतलं लेकरू आहे ते, त्यानं अल्बमसाठी कप्पे पण आखून ठेवले होते.

सगळेच विकणारे असे नाहीत, चांगले पण आहेत, नाण्याच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मागितले की लगेच पाठवतात. जो फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नये. पार्सल खोलताना व्हिडिओ काढावा आणि वजन करावं, दहाचं नाणं 7.71 ग्रॅमचं असतं म्हंजे शंभराचे 771 ग्रॅम आणि प्लास्टिकचं जे काय असेल ते, किराणा दुकानातल्या काट्यावर पण कळतं. आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवू नका, तांबं-निकेलच्या नाण्यांवर हिरवट चिकटा येतो.

पण माझं मूळ म्हणणं हे आहे की ही खरेदी करायची वेळच काहून यावी. बँकेत गेलं की एकच उत्तर, नाणी कोणी घेत नाही म्हणून आम्ही मागवत नाही. आणि हे खरं पण आहे, आठवडी बाजारात दहाचं नाणं दिलं की भाजीवाली म्हणते चालत नाही भाऊ. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी 2018 मधेच सांगितलं की तोवर निघालेल्या दहाच्या चौदाही डिझाइनची नाणी चालतात, त्यासाठी 14440 नंबर पण सुरू केला, पण ही गोष्ट बाजारापर्यंत पोचलीच नाही. म्हणून दुकानदार घेत नाही, मग बँक मागवत नाही, आणि आमच्यासारख्याला शहरातल्या विकणाऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं ज्याच्याकडं तीच पाकिटं पोचलेली असतात.

नाणी वाटायचे बँकेला पैसे मिळतात हे फार कमी लोकांना माहीत आहे. 1 सप्टेंबर 2021 पासून रिझर्व्ह बँक थैलीमागं 25 च्या जागी 65 रुपये देते, आणि ग्रामीण-निमशहरी भागात वाटली तर वर आणखी 10 रुपये. हे जास्तीचे 10 रुपये आमच्याच नावानं ठेवलेले आहेत ना? मग आमच्या शाखेत थैली दिसत काहून नाही? नागपूरला रिझर्व्ह बँकेचं ऑफिस आहे, पण एका पाकिटासाठी मंगरुळपीरहून नागपूरला जायचं म्हंजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी दोन्ही गेली. तिकडं अमेरिकेची टांकसाळ क्वार्टरचे म्हंजे पाव डॉलरच्या नाण्यांचे रोल आपल्या वेबसाइटवरून सरळ संग्राहकांना विकते. आपल्या टांकसाळी पण स्मारक नाण्यांचे सेट ऑनलाइन विकतात, चांगलीच गोष्ट आहे, पण रोजच्या चलनातलं नाणं दर्शनी किमतीत बँकेच्या काउंटरवरच मिळायला पायजे, तो आमचा हक्क आहे.

माझी मागणी मोठी नाही. तालुक्याच्या एका तरी शाखेत महिन्यातून एक दिवस नवीन नाण्यांची शंभरची सीलबंद पाकिटं द्या, माणसी एक द्या म्हंजे दलाल उचलून नेणार नाहीत, आणि बाहेर बोर्डावर खडूनं लिहा की आज अमुक नाणं आलं आहे. दुकानदारांना पण तिथूनच सुटे मिळतील.

आणि संपादक साहेब, आपल्याला पण एक विनंती. वैष्णोदेवीचं नाणं असेल तर लखपती व्हाल असल्या बातम्या मोबाईलवर रोज फिरतात, रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मधे सांगून टाकलं आहे की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी त्यांचा काही संबंध नाही आणि त्यांच्या नावानं कोणी कमिशन मागितलं तर देऊ नका, तरी लोक पैसे भरतात. ही सूचना आपल्या पेपरात मोठ्या अक्षरात छापा, आणि जिल्हा पानावर बाजारभावाच्या शेजारी दोन ओळी जागा द्या, कोणत्या शाखेत कोणती नाणी आली याची. माहिती गोळा करून पाठवायचं काम आम्ही इकडचे संग्राहक करू.

आपला,
एक वाचक व नाणेसंग्राहक
ता. मंगरुळपीर, जि. वाशिम