देवगिरीच्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

शाळेची सहल दिसली की बरेच गाइड आवरतं घेतात. पाठ केलेली चार वाक्यं, एक ग्रुप फोटो, चला खाली. तुम्ही दौलताबादच्या दरवाजातच आमच्या सहावीच्या वर्गाला म्हणालात, "लेकरांनो, आज तुम्ही शत्रू. घ्या बरं किल्ला!" त्याबद्दल हे आभार.

पोरं दरवाजावर धावली, तर तुम्ही अणकुचीदार खिळे दाखवले. हत्तीनं डोकं लावायचं कुठं? खंदकापाशी जोड्या लावल्यात, कारण पुलावर दोघांपुरतीच वाट. "बाकीचे मागं थांबा, वरून दगड येतायत." समोर उभा तासलेला कडा, चढायला बोटभर खाच नाही. मग अंधारी, म्हणजे वर जाणारा काळोखा बोगदा. तिथं तुम्ही सगळ्यांचे टॉर्च बंद करायला लावले. ओलसर भिंत चाचपत, पायरी पायानं शोधत पोरं वर सरकली. वटवाघळांच्या वासानं एकाला ओकारी आली, ते सोडा. वरच्या तोंडाशी आलो तेव्हा सांगितलंत, इथं लोखंडी पत्र्यावर जाळ करून धूर आत सोडायचे. वर्ग गप्प! माझ्या तासाला असं कधी होत नाही.

चांदमिनार, चिनी महाल तुम्ही भराभर उरकलेत, ते बरंच केलंत. भूक लागली होती सगळ्यांना. पण डबे उघडल्यावर एकीनं विचारलं, "मग हा किल्ला पडला कसा?" तुमचं खरं सांगणं तिथून सुरू झालं. 1296 साली अलाउद्दीन खिलजी आला तेव्हा यादवांची फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजा रामदेवराय किल्ल्यात शिरला, आणि धान्य समजून आत घेतलेल्या पोत्यांत निघालं मीठ. 1633 मध्ये मोगलांनी बाहेरचे तट सुरुंगांनी फोडले, पण आतल्यांना खरं टेकीला आणलं ते उपासमारीनं. भिल्लम यादवानं बाराव्या शतकात राजधानीला निवडलेला, 1327 मध्ये तुघलकाला दिल्लीहून बोलावून घेणारा हा डोंगर, आणि त्याचं दुखणं निघालं कोठारात!

वर हेही सांगितलंत, की मिठाची गोष्ट फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं लिहिली ती तीनशे वर्षांनंतर, तेव्हा परीक्षेत लिहिताना 'असं सांगतात' एवढं जोडा. रंगलेल्या गोष्टीला स्वतःच टाचणी लावणारा गाइड मी दुसरा पाहिलेला नाही. आता पोरं मलाच विचारतात, "बाई, हे लिहिलेलं आहे का सांगोवांगी?" जरा डोक्याला ताप झालाय, पण चालेल.

सरस्वती बारव बघायची राहिली. पुढच्या वर्षी सातवीत गेलेल्या याच पोरांना घेऊन येते. आणि तेव्हा तरी ठरल्यापेक्षा दिलेले जास्तीचे पैसे परत करू नका. गुडघ्याला जपा.

तुमची,
गंगापूरकडच्या शाळेतली बाई